दर चौथा टाका

४ फेब्रुवारी, बुधवार

सुट्टी म्हणे! सकाळी सहाला उठून चादरी भिजवल्या, जिना झाडला, मोरीचा नळ गळतोय म्हणून प्लंबरला चौथ्यांदा फोन केला — "येतोच ताई." तीन आठवडे येतोच आहे. आठवड्याचे सहा दिवस दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे बसून लोकांचं ऐकून घ्यायचं आणि सातव्या दिवशी घरी येऊन घासत बसायचं.

तेही चालेल. पण साडेनऊला दारावर थाप. वरच्या काकू. हातात उशीचे दोन अभ्रे, अंगठ्याला चिकटपट्टी. "मास्तर आहेत ना? जरा शिवण उसवलीय गं." त्यांच्या मागे समोरचा ड्रायव्हर, त्याचा तो निळा शर्ट घेऊन. एक बाही खांद्यापासून निघालेली. हीच बाही गेल्या बुधवारी बाबांनी लावली होती, माझ्या डोळ्यांदेखत! दुपारी नाक्यावरचा औषधवाला पॅंट घेऊन हजर. बाबा लगेच चष्मा पुसून मशीनवर. मी मोरी घासतेय आणि आत मशीन खडखडतंय.

बाबा एकोणऐंशीचे आहेत. दुकान गेल्या वर्षी बंद केलं, तेही मीच करायला लावलं. सुताराच्या कोटाचं कापड त्यांनी सुताराच्या वडिलांच्या मापाने कापलं होतं. वडील जाऊन नऊ वर्षं झालेली! सुतार बिचारा काही न बोलता ढगळ कोट घेऊन गेला. बाबांना घरी आल्यावर उमगलं, मग दोन दिवस जेवले नाहीत. म्हटलं बास, आता आराम करा. आणि या लोकांना आमचं घर म्हणजे फुकटचं दुकान वाटतं. म्हाताऱ्या माणसाला राबवून घ्यायला लाज कशी वाटत नाही यांना?

संध्याकाळी दादाचा फोन. नेहमीचंच. "तुला झेपत नसेल तर सांग. एक जरी काही झालं ना, तर मी येऊन त्यांना घेऊन जाणार." मागे एकदा नेलं होतं त्याच्या घरी. नवव्या मजल्यावर दोन महिने बाबा एका खुर्चीत बसून होते. परत आले तेव्हा सगळ्या पॅंटी कमरेत सैल. बसून स्वतःच घट्ट केल्या आणि मला म्हणाले, "मला परत तिकडे पाठवू नकोस." बाबांनी माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट.

दादाला म्हटलं, सगळं झेपतंय. फोन आपटला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

निळा शर्ट पुन्हा आमच्या खुर्चीवर. हा माणूस बस चालवतो की कुस्ती खेळतो?

८ फेब्रुवारी, रविवार

कामावरून आले तर बाबा डोळे चोळत बसलेले. लाल झालेत. समोर औषधवाल्याच्या बायकोचा परकर. परकर! म्हटलं, बाबा, नाही म्हणायला शिका. म्हणाले, "उद्या द्यायचाय गं, शब्द दिलाय."

येऊ दे बुधवार. एकेकाला बघते.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज बघितलं एकेकाला.

सगळे कपडे एका चादरीत बांधले आणि निघाले. आधी ड्रायव्हर. दात घासत होता. शर्ट त्याच्या खांद्यावर टाकला आणि म्हटलं, बाजारात शिंपी आहेत, तिथे जा. तो तोंडात ब्रश घेऊन बघतच राहिला. "ताई, तसं नाहीये—" कसं नाहीये? मी पुढे बोलूच दिलं नाही. मग औषधवाला. दुकानात चार गिऱ्हाईकं होती, त्यांच्यासमोर परकर काउंटरवर ठेवला. गिऱ्हाईकं हसली. तो नाही हसला. मान खाली घालून परकर खणात ठेवला.

काकूंकडे गेले तेव्हा माझा आवाज चढलेलाच होता. "तुमच्याकडे घराची किल्ली दिली ती बाबांना वेळेवर जेवायला वाढा म्हणून. अभ्रे शिवून घ्यायला नाही." काकू म्हणाल्या, "अगं, आधी ऐकून तरी घे." म्हटलं, खूप ऐकलं, सहा दिवस तेच करते. खाली आले. मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहून दाराला डकवली: इथे शिवणकाम केलं जात नाही. कोणीही कपडे आणू नयेत.

मशीनवर झाकण घातलं. कुलूपही लावलं. बरं वाटलं, खरंच सांगते. कितीतरी दिवसांनी सुट्टीचं काहीतरी झालं.

बाबा दुपारी दोनदा विचारून गेले, "आज कोणी आलं नाही?" म्हटलं, नाही, झोपा आता. ते टेबलावरच्या रिकाम्या जागेवरून हात फिरवत बसले, कापडाच्या सुरकुत्या काढतात तसा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

अकराला खिडकीवर ही गर्दी, आणि ड्रायव्हरचा फोन. "ताई, घाबरू नका. मास्तर स्टँडवर आहेत. माझ्याजवळ आहेत."

बाबा पायात चप्पल न घालता, गळ्यात टेप अडकवून, भर रस्त्याने स्टँडपर्यंत गेले होते. दुकान उघडायला! दुकान दुसऱ्या टोकाला, आणि तिथे आता मोबाइलवाला बसतो. ते एका सुटणाऱ्या बसच्या पुढ्यात उभे राहून लोकांना वाट विचारत होते. ड्रायव्हरने बघितलं म्हणून. नाहीतर काय झालं असतं ते लिहिणार नाही.

घरी आणलं. तळपायाला खरचटलेलं, ते काकूंनी धुतलं. बाबा झोपल्यावर काकू आमच्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि एकदाच सगळं सांगितलं. डिसेंबरपासून ही चौथी वेळ. पहिल्यांदा औषधवाल्याने परत आणलं, मग दोनदा ड्रायव्हरने. "मग माझ्या लक्षात आलं, हातात कुणाचं काम अर्धं असलं की हा माणूस जागचा हलत नाही. म्हणून आम्ही पाळ्या लावल्या."

"पण इतके कपडे उसवतात कसे?" मी विचारलं. मी, शिंप्याची मुलगी!

काकूंनी चिकटपट्टी सोलून अंगठा पुढे केला. खाली ब्लेडने कापल्याच्या तीन खुणा.

लाज वाटली. लिहितानाही कान तापतायत. परकर कसा आपटला होता मी काउंटरवर!

पण संतापही आलाच, तो लपवत नाही. माझ्या बापाची गोष्ट अख्ख्या जिन्याला ठाऊक आणि मला नाही? तसं तोंडावर बोलले. काकू शांतपणे म्हणाल्या, "तुला सांगितलं असतं तर तू घाबरून तुझ्या भावाला फोन केला असतास." केला असता. आजसुद्धा दोनदा नंबर काढला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

चिठ्ठी काढली. कागद निघाला, गोंद निघेना. पाव तास नखाने खरवडत होते, तेवढ्यात समोरच्या दारातून ड्रायव्हर बाहेर आला. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "ताई, तो शर्ट आता दुसऱ्या बाहीने देऊ का? पहिलीत टाके मावत नाहीत."

मशीनचं कुलूप काढलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

दादाचा फोन. सगळं ठीक आहे म्हटलं. खोटं बोलताना मला राग कुणाचा येत होता कोण जाणे. त्याचा, की माझाच.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सुट्टी. आज पाळी माझी. सकाळी मोरीत कडी लावून बसले आणि नव्या ब्लेडने माझ्या कामाच्या कोटाची बाही उसवली. एकेक टाका कापला. अर्धा तास गेला, बोट कापलं, कापडही दोन ठिकाणी ओरखडलं. मग बाबांपुढे कोट ठेवला. "बाबा, बाही निघालीय. बघता का?"

त्यांनी चष्मा लावला. बाही उलटी केली, शिवणीवरून बोट फिरवलं. वर न बघता म्हणाले, "एकेक टाका कापायचा नसतो. दर चौथा कापायचा आणि दोरा ओढायचा. वरच्या काकूंना विचार, त्यांचा हात आता छान बसलाय. मला कळतं हे मात्र त्यांना सांगू नकोस."

त्यांनी सुईत दोरा ओवला.

"आणि उद्या कामावर जाताना दोन कपडे ठेव," म्हणाले. "एक दुपारपर्यंतच पुरतो."