सुभानरावांचा घोडा नदीत बसला त्याची हकिकत

वासणा, बडोदे

तीर्थस्वरूप राजेश्वरी आत्यासाहेबांच्या चरणी समरजितचा वाकून नमस्कार. (हल्ली वाकलं की कंबर धरते, तेव्हा नमस्कार मनापासूनच आहे असं समजावं.)

तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या सावली गावच्या वैद्यांचं तेल लागू पडलं का? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरं तर फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही माझ्या लग्नाचं विचारता आणि माझं सांगायचं राहून जातं. तर सांगायचं ते हे, की आमचा स्टुडिओ बंद झाला.

स्टुडिओ म्हणजे फोटोचा नव्हे. (मागे तुम्ही तुमच्या नातीला, ओवीला, पासपोर्टचे फोटो काढायला पाठवलं होतंत, तेव्हाही मी हेच सांगितलं होतं.) मी आणि नीरजा, म्हणजे फाइन आर्ट्सला शिकलेली माझी मैत्रीण, आम्ही कंप्युटरवर खेळायचे गेम बनवत होतो. घडियाळी पोळ या जुन्या गल्लीत बांगड्यांच्या दुकानावरची खोली घेतली होती. पहिला गेम आपल्या खापरपणजोबांवर, रिसाल्यातल्या सुभानरावांवर. सरदारांची विसरलेली पगडी घेऊन मही नदी ओलांडायची आणि दरबार भरायच्या आत पोचायचं, एवढंच काम. बाबा इतके खूश झाले, की लग्नकार्यात लोकांना सांगताना माझ्या धंद्याचं नाव पहिल्यांदा खरं सांगू लागले.

पण नदी आली की घोडा पाण्यात बसे. अगदी मांडी घालून बसल्यासारखा, आणि खेळणाऱ्याकडे बघे. पाणी आणि जमीन यांत मी कुठेतरी घोळ घातला होता, तो सापडेना. एक दुरुस्त करावं तर दुसरं बिघडे. एकदा घोडा पार झाला, पण सुभानराव अलीकडेच राहिले. खिंकाळण्याच्या आवाजाला कंटाळून खालच्या दुकानाच्या कांचनबेन वर आल्या आणि म्हणाल्या, "समरभाई, आ घोडाने कंई खवडावो तो खरा!" (त्यांना वाटलं, घोडा भुकेनं ओरडतो.)

तसाच गेम घेऊन आम्ही बंगळूरच्या गेमवाल्यांच्या मेळ्याला गेलो. तिथं घोडा भर गर्दीत बसला. लोक पोट धरून हसले, मोबाइलवर शूटिंग केलं आणि आमचा बसका घोडा जगभर फिरून आला. एका मोठ्या कंपनीचे साहेब म्हणाले, "घोडा ठेवा, आजोबा काढा." आम्ही काढले. थकलो होतो, आत्यासाहेब, दुसरं काय सांगू? बाबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "घराण्यातला माणूस काढून जनावर ठेवलंत?" आणि पुढे बरेच दिवस माझ्याशी आईमार्फत बोलले. इकडे साहेबांना आधी घोड्याला शिंग हवं झालं, मग पंख, मग घोड्याऐवजी पांडा. पांडा अर्धा झाला असताना त्यांच्या कंपनीनं गेमचं खातंच बंद केलं. नीरजानं अहमदाबादला नोकरी धरली. मीही धरली.

मागच्या महिन्यात सामान हलवायला बाबा आले. त्या जिन्यावर ते पहिल्यांदाच चढले. टेबल उचलण्याआधी नीरजानं त्यांना गेम लावून दिला, मुळातला, सुभानरावांचा. बाबांनी चष्मा पुसला आणि खुर्ची ओढली. नदी आली, घोडा बसला.

"ऊठ रे बाबा," बाबा म्हणाले. घोडा ढिम्म. मग त्याला चुचकारून झालं, दटावून झालं, गुजरातीत समजावून झालं. आईचा जेवायला फोन आला, तो त्यांनी घेतला नाही. (जयवंतराव जेवणाचा फोन घेत नाहीत, हे तुमच्या भावाच्या बाबतीत कधी ऐकलंय?) शेवटी कुठली कळ दाबली देव जाणे, घोडा उठला आणि सुभानरावांना पाठीवर घेऊन पार गेला. मला आजवर जमलं नव्हतं ते. बाबांनी पडद्याला नाक लावून पाहिलं. मग म्हणाले, "मिशी चुकली आहे. आपल्याकडं वर वळवतात." नीरजा खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिला सर्दी झाली असावी. मलाही झाली होती.

असो. स्टुडिओ संपला. उगाच जिवाला लावून घेऊ नये. गुडघ्याला जपावं.

आपला आज्ञाधारक
समरजित

ता. क. टेबल अजून तिथंच आहे. खोलीची किल्ली बाबा देत नाहीत. मिशी नीट झाल्याशिवाय खोली सोडायची नाही म्हणतात. नीरजा शनिवार-रविवार येते.

ता. क. २ मुख्य काम राहिलंच. पैलतीरावरून सुभानरावांची बायको त्यांना हाक मारते असं आता ठरलंय. तीन मुली बोलावून पाहिल्या. आवाज गोड आहेत, पण नवरा दचकत नाही. बाबा म्हणाले, "बडोद्यात तसा आवाज एकच होता, तो सावलीला नांदायला गेला." रविवारी माइक घेऊन येतो. नाही म्हणायचं असेल तर पत्र लिहू नका. अंगणात उभं राहून सांगा, आम्हाला इथं ऐकू येईल.