पाच ते सात

३ जून

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू बरं, बघतो म्हणून विषय बदलतोस, म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

तुमच्याकडच्या मैदानावर व्हॉलीबॉल शिकवणाऱ्या बाईंचा मला फोन आला. आपली ताडू सात आठवडे खेळायला गेलेली नाही. घोटा मुरगळलाय, असं तिने त्यांना सांगितलंय. मी फिजिओथेरपिस्ट, शिवाय सख्खी आत्या, आणि मला हे परक्या बाईकडून कळावं? घोटा इतके दिवस दुखत असेल तर एक्स-रे काढायला हवा. नक्की काय झालंय ते कळव.

बाईंचं म्हणणं, सतरा वर्षांची, एवढ्या उंचीची आणि नेटपाशी न घाबरणारी मुलगी त्यांना दहा वर्षांत मिळाली नव्हती. महिनाअखेर त्या सामन्यांसाठी संघ ठरवणार आहेत. तोवर तिची जागा राखतील, पुढे नाही.

माझं नेहमीचं चाललंय. सकाळी हॉस्पिटलात म्हाताऱ्यांचे सांधे, संध्याकाळी मैदानावर व्हॉलीबॉलची पोरं. नवी पोरं जमवायला अजून घरोघर फिरते. कोपऱ्यावरच्या शिंप्याने आपल्या मुलीला पाठवायला दोनदा साफ नकार दिला. तिसऱ्यांदा गेले तेव्हा वैतागून म्हणाला, की तिला घेऊन जा पण माझ्या दुकानातून उठा. आता तोच मैदानावर चुन्याच्या रेघा मारतो.

तुझा गुडघा कसा आहे, लंगडोबा? मी दिलेले व्यायाम करतोस, की खुर्चीत बसून नुसता पाय हलवतोस? ताडूला आणि बिट्टीला माझे मुके. उत्तर आलं नाही तर स्वतः येऊन थडकेन.

तुझी,
छकुली


१४ जून

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. उशिराबद्दल रागावू नकोस. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये दोन महिन्यांपासून दोन माणसं कमी आहेत, त्यामुळे महिन्यातले पंधरा दिवस माझी दुपारची पाळी असते. दोनला जातो तो दहाला सुटतो.

तुझी वहिनी जाऊन चौदा महिने झाले. बिट्टी आठ वर्षांची आहे, पण तेव्हापासून घरात एकटी म्हणून राहत नाही. आंघोळसुद्धा दार उघडं ठेवून करते. ताडू तिला शाळेतून आणते, तिचा अभ्यास घेते, स्वयंपाक करते. मी घरी येतो तेव्हा माझं ताट झाकून ठेवलेलं असतं. मी विचारलं तर म्हणते, की मला खेळाची आठवणही येत नाही. एका शब्दाने तक्रार नाही पोरीची. परीक्षा होऊ दे, मग बघू.

घोट्याचं विचारलंस. त्याबद्दल पुढे लिहीन.

तब्येतीला जप. तुझ्या पोरांना ओरडताना घसा सांभाळ.

तुझा,
दादा


२२ जून

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा राग आला.

घरातली ओढाताण मला कळते. शेजारच्या आजींना विचार, पाळी बदलून माग, नाहीतर मी रजा काढून येते. पण परीक्षेनंतर बघू, असं म्हणू नकोस. मी ते शंभर आईबापांच्या तोंडून ऐकलंय. परीक्षेनंतर नोकरी येते, नोकरीनंतर संसार. मग तिशीत हीच पोरं पाठ धरून माझ्या हॉस्पिटलात येतात.

ती तक्रार करत नाही म्हणतोस. न बोलणाऱ्या पोरीला जास्त विचारावं लागतं. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी रोज पाच ते सात मैदानावर होते. ते दोन तास नसते तर त्या घरात मी वेडी झाले असते. तुला हे कळायचं नाही. गुडघ्याचं निमित्त झालं आणि तू फुटबॉल सोडून घरात बसलास, पुन्हा मैदानाकडे फिरकलाही नाहीस. खरी आवड असती तर परत गेला असतास.

लागलं असेल तर लागू दे. आठ दिवसच उरलेत.

रागावलेली, तरीही तुझीच,
छकुली


२९ जून

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

माझ्या गुडघ्याला कधीच काही झालं नव्हतं.

आईला दर थोड्या वेळाने कुशीवर वळवावं लागायचं, आठवतं ना? बाबा कामावरून आठला यायचे. संध्याकाळी आपल्या दोघांपैकी एकाला घरी थांबणं भाग होतं. तू चौदाची होतीस, शाळेच्या संघात नुकती आलेली. मी थांबतो म्हटलं असतं, तर तू हट्टाने दिवस वाटून घेतले असतेस, आणि एक दिवसाआड येणाऱ्याला संघात कोण ठेवतं? म्हणून मी एकोणिसाव्या वर्षी लंगडत घरी आलो. पुढे तू फिजिओथेरपिस्ट झालीस आणि त्याच गुडघ्यासाठी व्यायाम लिहून दिलेस. तेही इमानेइतबारे केले. अजून करतो. काय करणार?

हे तुला कधीच सांगणार नव्हतो. पण तुझ्या पत्रात घोट्याचं वाचलं आणि मला माझा गुडघा दिसला. ताडूचा घोटा ठणठणीत आहे. बिट्टीला पाठीवर घेऊन तीन जिने चढते. ती खोटं का बोलली, हे मला तिला विचारावंच लागलं नाही. तरी पंधरा दिवस मी गप्प बसलो, कारण ती घरी असणं माझ्या सोयीचं होतं.

आज फोरमनकडे गेलो. पाच तारखेपासून मला कायमची सकाळची पाळी मिळाली. घरी येऊन ताडूला सांगितलं, की आता तू जा. ती हसली आणि म्हणाली, की आता नको बाबा, माझं खेळायचं वय गेलं. सतराव्या वर्षी, छकुले. मीही असंच हसायचो.

मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यावर माझा राग तेव्हाही नव्हता.

दादा


६ जुलै

दादा,

मायना सुचत नाही. नमस्कार मात्र वाकून.

तुझं पत्र शनिवारी आलं. संध्याकाळी मैदानावर गेले, शिट्टी तोंडात धरली आणि वाजवताच आली नाही. मुलांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. आपल्या घरात खोटं दुखणं सगळ्यांनाच छान जमतं.

मैदानावरून आले की मी दारातूनच ओरडून सांगायचे, की आज किती पॉइंट घेतले. तू आईजवळ बसलेला असायचास. शेवटचा पॉइंट कसा घेतलास, हे रोज विचारायचास. मला वाटायचं, घरात बसून तुला कंटाळा येतो म्हणून विचारतोस. त्या वेळी तुला काय होत असेल, हा विचार तीस वर्षांत माझ्या मनाला शिवला नाही.

ताडूला मी लिहिलेलं नाही. लोकांची पोरं हाताला धरून आणणारी मी, तिला काय तोंडाने सांगू? तूच ने तिला. ती नाही म्हणेल, समजूतदारपणे म्हणेल. तिचं ऐकू नकोस. मी तुझं ऐकलं, त्याचं काय झालं ते बघ.

तुझ्या पायाशी,
छकुली


१३ जुलै

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

एवढं बाबांनी सांगितलं तसं लिहिलं. पुढचं माझं.

काल बाबा मला मैदानाच्या फाटकापर्यंत सोडायला आले. मी वाटेत नाही नाही म्हणत होते. तेव्हा त्यांनी गुडघ्याचं सगळं सांगितलं. मग मी फाटकातून आत गेले.

संघ ठरून गेला होता. माझ्या जागी एक बुटकीशी मुलगी आहे, पण उडी अशी मारते की तिचा रागही येईना. बाईंनी मला लहान मुलींमध्ये खेळायला उभं केलं. माझ्या पहिल्या तीन सर्व्हिस नेटमध्ये गेल्या. एक चिमुरडी म्हणाली, की घाबरू नका ताई, येईल हळूहळू. मी सारखी घड्याळाकडे बघत होते, की आता बिट्टीला भूक लागली असेल, आता तिला गणित अडलं असेल. शेवटी बाईंनी मला घड्याळाकडे पाठ करून उभं केलं.

साडेसातला घरी आले. बाबांनी स्वयंपाक केला होता. थोडा करपवला होता, पण केला होता. बिट्टी जेवलेली, अभ्यास झालेला. चित्र काढत बसली होती, माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही तिने. करायला काहीच उरलं नव्हतं. मी ओट्यापाशी नुसती उभी राहिले.

आत्या, आई गेली त्या दिवशी मी आल्यागेल्यांना पाणी देत होते. मग भांडी, मग बिट्टीची वेणी, मग शाळा, मग पुन्हा भांडी. तेव्हापासून काल पहिल्यांदा माझे हात रिकामे झाले. आणि आई नाहीये, हे मला काल कळलं.

मी ओट्याला टेकून खाली बसले आणि खूप रडले. बाबा येऊन माझ्याजवळ जमिनीवर बसले. बिट्टी घाबरून आली आणि तिने बाबांना विचारलं, की ताई हरली का. बाबा हो म्हणाले. मग तीही आमच्याजवळ बसली.

आज पुन्हा जाणार आहे. संघात घेतील म्हणून नाही, त्याला आता पुढचं वर्ष उजाडेल. घरी आल्यावर बहुतेक पुन्हा रडू येईल. येऊ दे.

तू ये. आलीस की काही समजावू नकोस, नुसती आमच्यात बस.

तुझी,
ताडू