वरच्या टोकाला कोण

४ फेब्रुवारी

स्वच्छ म्हणे! डॉक्टरणीनं छातीचा फोटो उजेडाला धरला, मान तिरकी केली आणि म्हणाली, "फुफ्फुसं एकदम स्वच्छ आहेत." मग माझा पोरगा भरल्या ताटावर निळा का पडतो? सकाळपासून बाकड्यावर बसवून ठेवलं, माझे गुडघे आखडले, आणि हाती काय — तर काही नाही. काही नाही हे सांगायला एवढी मोठी इमारत लागते!

वर मलाच काम लावलं. "आजी, त्यांना झटका कधी येतो, कसा येतो, लिहून ठेवा." मी दुसरीतून शाळा सोडलेली. नातीची अर्धी कोरी वही घेतली आहे. तिला बजावलंय — चुका काढायला इकडे फिरकायचं नाही.

५ फेब्रुवारी

तर झटका असा. पोरगा श्वास सोडतो आणि थांबतो. पुढचा घेतच नाही. मान वर, नजर छताला. दोन्ही हात वर, मुठी आवळलेल्या. ओठ जांभळे, मग निळे. सून पाठीवर धपाधप मारत सुटते. मग कधीतरी, बादली विहिरीतून वर यावी तसा श्वास येतो — आवाज करत, हिंदकळत.

सून म्हणते, "लाकडाच्या भुशानं झालंय हे. कधीची सांगतेय, वखार विका." तिचं सगळं भुशानं होतं. दूध नासलं तरी भुशानं.

७ फेब्रुवारी

घरात कुणी बोलत नाही, म्हणून इथे लिहिते. हे सगळं आमचा म्हातारा गेला त्या दिवसापासून सुरू झालंय.

आमच्या वखारीत यंत्र आहे, पण वाकडा ओंडका यंत्र घेत नाही. होडीवाल्यांना तर वाकडाच लागतो. त्यासाठी खड्डा आहे. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा. एक जण वर, ओंडक्यावर उभा. दुसरा खाली खड्ड्यात. मधे लांब करवत, दोघांच्या हातात दोन टोकं. आमचा म्हातारा वर, पोरगा खाली. खालच्याच्या डोळ्यांत भुसा पडतो, त्याला वरचा दिसत नाही. म्हणून कामाची रीत आहे — ओढायच्या आधी वरचा विचारतो, "आहेस?" खालचा म्हणतो, "आहे!" मगच करवत हलते. सगळा जन्म मी भाकऱ्या थापताना तेच ऐकलं. आहेस? आहे! आहेस? आहे! डोकं उठायचं माझं.

कसला मेला देव! त्या दिवशी पोरानं करवत खाली ओढली आणि ती वर गेलीच नाही. तो हात वर धरून थांबला. बाप दम खात असेल म्हणून थांबला. मग खालचा कधी विचारत नाही ते यानं विचारलं — "आहेस?" पुन्हा विचारलं. म्हातारा ओंडक्यावर पालथा पडलेला, मूठ दांड्यावर तशीच. केव्हाच गेलेला. पोरगा खाली श्वास धरून उभा होता.

९ फेब्रुवारी

डॉक्टरणीला हे सांगितलं. तिनं या वेळी फोटोबिटो काढला नाही. खुर्ची जवळ ओढली. म्हणाली, "त्यांचं मन श्वास धरून ठेवतंय."

"मग निळं काय पडतं, मन?"

"ओठच पडतात आजी. दुखणं खोटं नाही. सुरुवात मनात आहे, पण हृदय खरंच थकतंय. असंच चाललं तर एखाद्या झटक्यातून ते परत येणार नाहीत."

सून रडली. मी विचारलं, औषध काय? तर म्हणे बोलायला हवं त्यांनी. आमच्या घरात बोलायचं! म्हातारा चाळीस वर्षांत माझ्याशी जेवढं बोलला तेवढं या वहीच्या एका पानात मावेल.

१४ फेब्रुवारी

काय झालं ते नीट लिहिते. दुपारी जेवायला बसलो. पोरगा थांबला. हात वर. सून उठली. मी समोरच होते, तर त्याचे ओठ हलताना दिसले. आवाज नाही, नुसते ओठ. — आहेस?

माझं डोकंच फिरलं. आमटी निवत होती. मी ओरडले, "आहे! जेव आता!"

आणि श्वास आला. आपटून नाही, हिंदकळत नाही. सरळ. त्यानं घास उचलला आणि म्हणाला, "मीठ कमी आहे."

१६ फेब्रुवारी

आजही. त्याचे ओठ, माझं उत्तर, श्वास. मीठ आज बरोबर होतं.

२० फेब्रुवारी

मोठ्या तोऱ्यात डॉक्टरणीला सांगायला गेले. तिचा चेहरा पडला. "आजी, तुम्ही उत्तर देताय तोवर ते विचारत राहणार. ही सवय हळूहळू सोडवा. आणि तुमचंही वय..."

"माझं वय मी बघते. तुम्ही तुमचे फोटो बघा."

बाहेर आल्यावर सून म्हणाली, "आई, त्या बरोबर बोलत होत्या." मला माहीत नाही का? पण लेकरू समोर निळं पडत असताना गप्प बसून दाखव म्हणावं!

२७ फेब्रुवारी

आज पोराला वखारीत नेलं. म्हटलं, उतर खड्ड्यात. आणि मी चपला काढून ओंडक्यावर चढले. सून खड्ड्याच्या काठावरून ओरडतेय, "अहो आई, हाडं मोडतील!" मोडली तर माझी मोडतील.

वरचा दांडा धरला. म्हाताऱ्याची मूठ होती तिथे लाकूड काळं पडून गुळगुळीत झालंय. माझा हात बरोबर तिथेच बसला. खालून आवाज आला — नुसते ओठ नाहीत, आवाज — "आहेस?"

"आहे!"

त्यानं ओढली. आता वर घ्यायची पाळी माझी. माझ्या अंगात पाण्याची घागर उचलायचं बळ उरलेलं नाही. करवत वर आली. पिसासारखी आली. मी ओढायच्या जरा आधीच आली.

हे सुनेला सांगितलेलं नाही.

पोरगा खड्ड्यातून वर आला, शिंकला आणि हसला. "हलकं वाटतंय आई." रात्रीचं दोनदा वाढून घेतलं.

६ मार्च

एकही झटका नाही. सूनबाई गुणगुणत भांडी घासते. गळा वाईट आहे तिचा, पण असू दे.

९ मार्च

ओसरीवर शेंगा सोलत होते. सून एकदम ओरडली, "आई, श्वास घ्या!"

विसरले होते.

१२ मार्च

तेच बाकडं, तोच उजेड, फोटो माझा. स्वच्छ. डॉक्टरणीनं बोटाला चिमटा लावला आणि त्यातल्या आकड्याकडे बघत राहिली. माझ्या नखांना जांभूळ फासल्यासारखं दिसत होतं.

"आजी, मनावर..."

"मला मनबीन नाही. कधी वेळच मिळाला नाही."

ती हसली नाही. हसायला हवं होतं.

१५ मार्च

पोरगा ताजातवाना, मिशा कापत बसलेला. मी विचारलं, "आता कसा विचारत नाहीस रे, आहेस म्हणून?"

"गरजच वाटत नाही. वर कुणीतरी आहे असं सारखं वाटतं."

"कोण?"

"तूच की! आणखी कोण?"

तो आरशात बघून मिशा कापत राहिला. मी श्वास सोडला होता. पुढचा यायची वाट बघत तिथेच उभी राहिले. बराच वेळ.

१७ मार्च

आज चुलीपुढे माझ्या तोंडून आलं. ओठ नाही, चांगला मोठा आवाज — "आहेस?" आवाज माझाच, पण ठेका म्हाताऱ्याचा. वरच्याचा.

सून धावत आली. तोंड उघडलं तिनं. काय म्हणणार ते मला दिसलं. माझ्या हातात उलथनं होतं, ते फेकून मारलं. कपाळाला लागलं. दचकली, रडली, पण बोलली नाही. तेवढं जमलं. माझा श्वास मग केव्हातरी आला.

पोराला मी उत्तर दिलं, तो सुटला आणि मी अडकले. मला जो देईल तो...

बाहेर नात दोरीवरच्या उड्या मारत होती. आहेस, आहे, आहेस, आहे. कुणी शिकवलं तिला?

१८ मार्च

नातीला तिच्या मामाकडे धाडलं. पोराला, सुनेला, डॉक्टरणीलासुद्धा बजावलंय — मी विचारलं तर तोंड मिटून बसायचं, मी कितीही निळी पडले तरी. उत्तर द्यायचंच असेल तर ज्यानं मधेच करवत थांबवली, त्या म्हाताऱ्यानंच द्यायचं.