कुरुंद्याच्या मॅनेजरसाठी दोन मिनिटं शांतता

१ डिसेंबर २००२, रविवार
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
पंधरा तारखेला कुरुंद्याबरोबर फुटबॉलची मॅच. आपल्या डोंगरकड्याच्या ग्राउंडवर. भारत नांदेडला कॉलेजात गेला आणि येताना डिग्रीऐवजी फुटबॉल घेऊन आला, त्याला तीन वर्षं झाली. तोच कॅप्टन. ऑफसाइड गावात तिघांना कळतं. मला जवळजवळ कळतं.
माइक आणि कर्णा आपला. शिवशंकर साउंड सर्व्हिस. शिवाय मी समर्थक मंडळाचा अध्यक्ष. निवड बिनविरोध झाली. मीटिंगला मी एकटाच होतो.
मागच्या वर्षी कुरुंदा हरलं ते आपल्या खेळानं नाही, माझ्या घोषणेनं. त्यांचा मॅनेजर सटवाजी. माणूस साधा. काहीही विचारा, म्हणणार, "घरी इचारून सांगतो." त्याची बायको जनकाबाई दर मॅचला लिंबाखाली बायकांत बसायची. खेळाडू बदलायचा असला की हा आधी तिकडं बघायचा. तिनं मान हलवली की बदल. त्यावरून मी जागच्या जागी रचलं:
सटवाजी, सटवाजी, घरी इचारून सांगा जी!
आपल्या उत्तमसिंगनं हलगी धरली. सगळं ग्राउंड हसलं. म्हणतात जनकाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. अशी घोषणा वर्षातून एकदाच सुचते.

३ डिसेंबर
काळीपिवळी जीपवाल्यानं खबर आणली. जनकाबाई काल वारली. चार दिवसांचा ताप, डोक्यात गेला. वसमतहून नांदेडला नेताना वाटेतच.
माइकची वायर जोडत होतो, हातातला सोल्डर तसाच थंड झाला.
लगेच निर्णय घेतला. ती घोषणा रद्द. अध्यक्षाच्या अधिकारात.

४ डिसेंबर
बायको राधिका म्हणाली, तुमी कुरुंद्याला जाऊन या. गपचूप बसा घडीभर. बस झालं.
बायकांना मोठा विचार कळत नाही. एकट्यानं जाऊन बसण्यात काय आहे? मी सगळ्या गावाला माणुसकी शिकवणार आहे. मॅचच्या आधी दोन मिनिटं शांतता. मग माझं चार शब्दांचं भाषण. मग मॅनेजरला हार.
हार ऐकून राधिकानं कपाळाला हात लावला. बाई मेली त्याची, निवडून न्हाई आला तो, म्हणाली.
हार रद्द.

६ डिसेंबर
मंडळाची मीटिंग. चौघं आले. त्यातला एक कर्णा न्यायला आला होता.
उत्तमसिंग बकऱ्यांचा व्यापारी. बाजारात चार गावांना ऐकू जाईल असा आवाज. त्याला सांगितलं, यंदा ती घोषणा नाही. तो म्हणाला, "तुमीच शिकवली अन् तुमीच बंद म्हणून राहिले? तोंडात बसली हाय ती मान्सांच्या."
मी म्हणालो, तोंड आपलं आहे, आपण बंद ठेवू शकतो. तो म्हणाला, "माझं मी ठिवतो. सहाशे तोंडांचं तुमी बगा."
त्याला माझ्या शब्दाचं वजन अजून कळलेलं नाही.

७ डिसेंबर
भारतला म्हणालो मॅच पुढं ढकल. त्यानं कुरुंद्याला निरोप धाडला. उत्तर आलं, सटवाजी म्हणतो, "पोरं दोन महिने मॅचसाठी पळून राहिली, त्यायचा काय गुन्हा? अन् मी घरात बसून तरी काय करू? तेराव्याच्या दुसऱ्या दिशी येतो."
म्हणजे आमच्यावर विश्वास आहे त्याचा. विशेषतः माझ्यावर.

१० डिसेंबर
नवी घोषणा तयार केली. जुनी काढायची तर जागा भरली पाहिजे.
"कुरुंदा असो वा डोंगरकडा, खेळ असावा खिलाडूपणानं भरलेला घडा!"
चौकात माइकवर म्हणून दाखवली. कोणी मागून म्हटली नाही. एका म्हाताऱ्यानं विचारलं, घडे कुठं मिळून राहिले?

१२ डिसेंबर
पिठाच्या गिरणीत उभा होतो. गिरणीवाला पट्टा चढवता चढवता गुणगुणत होता. सटवाजी, सटवाजी. मी म्हणालो, अहो. तो म्हणाला, "आरं व्हय की." जीभ चावली. आणि दळण पडेपर्यंत तेच गुणगुणत राहिला.
त्याच्या मनात वाईट नव्हतं. हीच तर अडचण आहे.

१४ डिसेंबर
पारावर शांततेची रंगीत तालीम. अकरा जण. घड्याळ लावलं. चाळीसाव्या सेकंदाला एक हसला, मग सगळे. का हसतात विचारलं तर कोणालाच सांगता येईना.
तरी चाळीस सेकंद म्हणजे कमी नाही. उद्या लोक गंभीर असतील.
भाषण पाठ.

१५ डिसेंबर, रविवार, सकाळी
कुरुंद्याचा टेम्पो आला. सटवाजी पुढं बसून आला. डोकं भादरलेलं, वर उपरणं. लांबून पाहिला. भेटायला निघालो होतो, पण वायर तुटली. आधी ड्यूटी. भेट मॅचनंतर.
लिंबाखाली बायका बसल्यात. मधली जागा त्यांनी आपणहून मोकळी सोडली आहे. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी तरी नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
जसं घडलं तसं लिहितो. पुढं कोणी काही म्हटलं तर हे असावं.
दोन मिनिटं शांतता सुरू केली. सगळे उभे राहिले. खरंच राहिले. विसाव्या सेकंदाला कर्ण्यानं शिट्टी मारली. लांबलचक. लोक हसले. मी वायर काढेपर्यंत रेफ्रीनंसुद्धा शिट्टी मारली आणि मॅच सुरू झाली. भाषण राहिलं.
पहिल्या हाफमध्ये कुरुंद्याचा एक गोल. आपली पब्लिक तापली. दुसऱ्या हाफमध्ये भारतनं बरोबरी केली. दहा मिनिटं उरली होती. कुरुंद्याचा एक खेळाडू लंगडायला लागला. सटवाजी बदली खेळाडूला घेऊन लाइनवर आला. आणि सवयीनं त्यानं लिंबाकडं पाहिलं.
मी पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.
ग्राउंड एकदम गप्प झालं. मला मॅचआधी हवी होती तशी शांतता. पण मला वाटलं, आता कोणीतरी म्हणणार. कोणाच्या तरी तोंडून निघणार. थांबवलं पाहिजे. मी माइक ओढला आणि म्हणालो, "सर्वांना विनंती, सटवाजी सटवाजी घरी इचारून सांगा जी, असं कोणीही म्हणू नये!"
"म्हणू नये" पर्यंत कोणी थांबलंच नाही.
आधी एका कोपऱ्यातून आलं. मग हलगी वाजली. उत्तमसिंगची नव्हती, तो हलगी पोटाशी धरून बसला होता. मग सगळीकडून. मी माइकवर "नका, नका" म्हणत होतो तर तेही तालात बसलं. सटवाजी, सटवाजी, नका, नका. मी माइक बंद केला. त्यानं काही फरक पडला नाही. आवाज कर्ण्याचा नव्हताच.
सटवाजी तसाच उभा. रागावला नाही. इकडं पाहिलंसुद्धा नाही. बदली खेळाडू विचारत होता, काका, जाऊ का? जाऊ का? शेवटी खेळाडू आपणच आत गेला.
आपण दोन-एकनं जिंकलो. लोकांनी भारतला खांद्यावर घेतलं. मला घ्यायला आले, मी वायर गुंडाळत होतो.

१६ डिसेंबर
नीट विचार केला. मी "म्हणू नये" असंच म्हणालो होतो. वाक्य पूर्ण ऐकलं असतं तर काही झालं नसतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. हा भाषेचा दोष आहे.
राधिकाला हे समजावलं. तिनं ताट वाढलं आणि दुसऱ्या खोलीत गेली.

१७ डिसेंबर
चौकात तिघं भेटले. प्रत्येकजण म्हणाला, लई वाईट झालं, लोकायनं असं करू नये. मी विचारलं, तुमी म्हणत होते का? तिघंही म्हणाले, सगळेच म्हणून राहिले व्हते.

१९ डिसेंबर
कुरुंद्याला जाऊन माफी मागणार. उद्या.

२० डिसेंबर
लग्नाचं बुकिंग. धंदा सोडता येत नाही.

२१ डिसेंबर
काळीपिवळीत जागा होती. पण पुढच्या सीटवर नव्हती.

२२ डिसेंबर, रविवार
गेलो.
जीपमध्ये माफीचं भाषण तयार केलं. लहान. "मी शिवशंकर, माइकवाला. चूक माझी." एवढंच.
घर हळदीच्या रानाला लागून. सटवाजी ओट्यावर बसला होता. मला पाहून उठला. ओळखलं नाही. कसा ओळखणार? आजवर त्यानं मला कर्ण्यातूनच ऐकलंय. तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाला, "या पाव्हणं. कनेरगाव नाक्याहून ना? जनकीच्या चुलतमामाकडचे? तेराव्याला लई मान्सं व्हती, चेहरे काई ध्यानात न्हाई माझ्या."
मी "व्हय" म्हणालो.
का म्हणालो ते लिहिता येत नाही. "नाही" म्हटलं असतं तर पुढचं म्हणावं लागलं असतं.
त्याची मुलगी प्रियदर्शनी पाणी घेऊन आली. माहेरचं माणूस म्हणून माझ्या पाया पडली आणि रडायला लागली. मीही रडलो. ते खोटं नव्हतं.
चहा झाला. सटवाजी आपणच बोलायला लागला. म्हणाला, "डोंगरकड्याला मॅच झाली. लोक वरडून राहिले, घरी इचारून सांगा. राग न्हाई आला, पाव्हणं. मला खरंच इचारायचं व्हतं. ते पोरगं जाऊ का म्हणून इचारून राहिलं, अन् मला काईच सुचंना. तीस वर्षं मी एकट्यानं काई ठरवलं न्हाई हो."
हीच वेळ होती. मी दोनदा घसा साफ केला. तो म्हणाला, तकलीफ हाय का घशाची? काढा देऊ?
मी काढा प्यालो.
निघताना त्यानं पोरीला हाक मारली. तिनं आतून टॉवेल-टोपी आणली. मी नको नको म्हणालो. तो म्हणाला, "ती गेली म्हणून तिच्या माहेराशी नातं तुटतं का?" आणि स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर टोपी ठेवली. जीपपर्यंत सोडायला आला. पायात चप्पल नव्हती.
घरी पोचलो. राधिकानं टोपीकडं पाहिलं. विचारलं, मागितली का माफी?
मी म्हणालो, विषय निघाला नाही.
मग ही टोपी कशाची?
टोपी अजून डोक्यावरच आहे.