सीझन संपेपर्यंत मुक्काम खडवली

खडवली, सोमवार

चि. शौनक यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

गुडघा कसा आहे? हळद-दूध घेतोस, की तिकडचे डॉक्टर त्यालाही बंदी घालतात? इकडे सगळे खुशाल. प्रभाकरचे डोके तेवढे फिरले आहे, बाकी तब्येत उत्तम. पत्र पाहून दचकू नकोस. तुला फोन करायला मला मनाई आहे (मागे केला त्या आठवड्यात तुला पिवळे कार्ड मिळाले). पत्राबद्दल अजून कुणी काही बोललेले नाही.

आता मी खडवलीला कशी, ते सांगते. तुझा क्लबकडून पहिला गोल झाला तेव्हा आपल्या डोंबिवलीच्या घरात मी टीव्हीसमोर नव्हते, कुकर बंद करायला उठले होते. दुसऱ्या गोलाला इस्त्रीवाला आला म्हणून दारात गेले होते. झाले! तुझा हा बाप, माझा सख्खा धाकटा भाऊ, जन्म रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढलेला, पत्रिका न बघता लग्न केलेला, वास्तुवाल्याला जिन्यावरूनच परत पाठवणारा माणूस. त्याने जाहीर केले की ताई खोलीत असली की गोल होत नाही. आणि ही अंधश्रद्धा नव्हे बरं का, निरीक्षण आहे. तेव्हापासून मॅच सुरू झाली की मी स्वयंपाकघरात. तुझी आई पहिल्या गोलाच्या वेळी टीव्हीकडे पाठ करून मटार सोलत होती, म्हणून उत्तरा अजून प्रत्येक मॅचला पाठ करून मटारच सोलते (उसळ, भात, करंज्या, सगळे करून झाले, आता शेजारी दार उघडत नाहीत). प्रभाकर स्वतः उजवा पाय डाव्यावर टाकून बसतो तो नव्वद मिनिटे हलत नाही. नंतर त्याला उठवायला आम्ही दोघी लागतो.

मग तुझा तो वाईट काळ आला. अकरा मॅच, गोल शून्य. सीझन संपेपर्यंत गोल दिसले नाहीत तर पुढचा करार नाही, असे क्लबने सांगितल्याचे तू कळवलेस, त्या दिवशी घरात कुणी धड जेवले नाही. प्रभाकरने विचार करून निष्कर्ष काढला की स्वयंपाकघर फार जवळ पडते. फॉरवर्ड चालेना तर फॉरवर्डला बाहेर बसवतात असे ऐकून होते, आपल्याकडे आत्याला बसवतात. आधी खाली वॉचमनच्या खुर्चीवर. मग कोपरला माझ्या मैत्रिणीकडे, नीलाकडे (तिला वाटले मी भांडून आले, दोन तास तिने माझी समजूत काढली). मग माजिवड्याला मावसबहिणीकडे. त्या दिवशी तुझा फटका खांबाला लागला, म्हणजे उपाय बरोबर, अंतर कमी, असे ठरले. पस्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला, पण अंतराचा हा उपयोग मी मुलांना कधी सांगितला नव्हता.

शेवटी खडवली. आमच्या शाळेतला शिपाई काळुराम, त्याच्या शेतावर. आणि काल एकोणनव्वदाव्या मिनिटाला तू गोल मारलास! प्रभाकरचा फोन आला तेव्हा तो चक्क रडत होता. मला म्हणाला, "ताई, तिथून हलू नकोस!" म्हणजे सीझन संपेपर्यंत. काळुरामशी त्याने परस्पर बोलणेही केले. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि चार साड्या घेऊन उत्तरा गुरुवारी येते आहे. मटारही असतीलच.

तक्रार नाही. तांदळाची भाकरी गरम मिळते आणि सकाळी नदीपर्यंत चालणे होते. तू पोटभर जेव, पाय सांभाळ.

गोलाच्या हितासाठी हद्दपार झालेली तुझी आत्या,
मंदाकिनी

ता. क. – आता खरे सांगते. काळुरामकडे मोबाइल आहे. काल आंब्याखाली खाटेवर बसून आम्ही दोघांनी अख्खी मॅच पाहिली. चित्र दोनदा अडकले, पण गोल स्वच्छ दिसला. डाव्या पायाने, पडता पडता. सगळे तुझ्या अंगावर पडले होते आणि तू मोजा वर ओढत होतास, शाळेला निघताना ओढायचास तसाच. काळुराम ओरडला, "मारला वं बाई, पोरानं मारला!" आणि त्याच्या कोंबड्या पार बांधापर्यंत पळाल्या. मागे तूसुद्धा विचारले होतेस, "आत्या, तू बघत नाहीयेस ना?" ते मला फार लागले होते रे. आता तो संशय मनातून काढून टाक.

ता. क. २ – हे प्रभाकरला कळवू नकोस. ड्युटीपायी तुझ्या शाळेच्या एकाही मॅचला त्याला येता आले नाही. आता पायावर पाय टाकून बसतो तेव्हा त्याला वाटते, आपण पोरासाठी काहीतरी करतो आहोत. ते त्याच्याकडून काढून घ्यायला नको.

ता. क. ३ – सीझनची तुझी शेवटची मॅच मुंबईत आहे ना? एक पास इथल्या पत्त्यावर पाठव. गोल झाला नाही तरी मला चालेल. मी तिथे होते हे कुणाला कळणारच नाही, मग बोल कुणाला लावणार?

ता. क. ४ – पाकीट चिकटवणार तोच उत्तराचा फोन आला आणि माझ्या तोंडून निघून गेले. एक नको, दोन पास पाठव. त्या दिवशी ती घरी सांगणार आहे की ताईंना भेटायला खडवलीला जाते. पोटच्या पोराला तिने गोल मारताना एकदाही पाहिलेले नाही. फक्त एक कर, मैदानात मटार सोलू देतात का, तेवढे विचारून ठेव.