चढावर उकळलेली जीप

१२ फेब्रुवारी २००६

जीपवरची ताडपत्री काढली आज. नऊ महिन्यांनी! चारही चाकं बसलेली. बॅटरी मेलेली. बॉनेटमधी मांजरीनं संसार थाटलेला. अन् बाजूच्या सीटवर कौसल्याची शाल — तिनंच घडी घालून ठेवलेली. ते पाहिली अन् ताडपत्री परत टाकली. घरात येऊन बसलो. मंग चार वाजता पुन्हा काढली. पोरखेळ नुसता!

कारण शीलाताई. आमच्या राजूरच्या जयंती कमिटीच्या अध्यक्ष. सकाळीच दारात. 'डोमाजीभाऊ, औंदा चौदा एप्रिलले जनरेटर तुम्हीच ओढा. दुसऱ्याले सांगायले मन होत नाही. पण गाडीची खात्री देसान तरच. मिरवणूक मधातच अंधारात थांबली त लोक मले खातीन!'

चौदा वर्षं मीच ओढला. पुढं रथ, मागं माही जीप, जीपमागं ट्रॉलीवर जनरेटर, अन् माह्या बाजूले पांढऱ्या लुगड्यात कौसल्या. खाणीतली नोकरी सोडली ते ह्याच गाडीच्या भरवशावर. मिरवणूक म्हणजे मुंगीच्या चालीनं पाच तास, एप्रिलची गरमी, मागं एवढं ओझं. चांगल्या चांगल्या गाड्या रडतात.

पाहतो म्हणलं. शाल तिथंच ठेवली.

१४ फेब्रुवारी

रेडिओ बिघडला. आता घरात मी अन् घड्याळ. कौसल्या असती त म्हणाली असती, 'रेडिओ जोडता येत नाही अन् म्हणे मले इंजिनातलं समजते!'

ते लिहूनच टाकतो एकदा. बोलायले कोणी नाही.

मागच्या मे महिन्यात ढाणकीले सामूहिक लग्न होतं. कापसानं अशी गत करून ठेवलेली की एकट्याच्या हिमतीवर कोणी मांडव टाकत नव्हतं — सतरा जोडपे एकाच मांडवात! जनरेटर माहा. लग्न लागलं अन् कौसल्याच्या छातीत दुखायले लागलं. उमरखेडच्या डॉक्टरनं पाहिलं, म्हणे लगेच यवतमाळले न्या. दुसरी गाडी मिळेना. ट्रॉलीची पिन काढायची, जनरेटर तिथंच सोडायचा, अन् निघायचं — एवढं साधं होतं. कौसल्या म्हणे, 'सोडू नका, कोणी उचलून नेईन. मले बरं हाय.' अन् मी ऐकलं! हे आजवर कोणाले सांगितलं नाही.

महागावच्या पुढच्या चढावर जीप उकळली. बॉनेटमधून वाफ, पाणी भसाभसा बाहेर. सव्वा तास उभे होतो. ती म्हणे, 'घाई नका करू, थंड होऊ द्या.' मंग एका ट्रकवाल्यानं नेलं. यवतमाळचा डॉक्टर म्हणे, तासभर आधी आणलं असतं त...

रेडिएटर रहेमान मिस्त्रीनं साफ करून देलता, त्याच महिन्यात. वणीचा रहेमान. पंचवीस वर्षांची दोस्ती. चढावर पडलेली जीपही त्यानंच ट्रकमागं बांधून वणीले ओढून आणली, अन् मंग घरी पोचवली. कौसल्याचा जलदान विधी झाला अन् मी त्याच्या दुकानात गेलो. भर चौकात ओरडलो — 'माह्या बायकोचा जीव तू घेतला! तुह्या रेडिएटरनं घेतला!' माणसं गोळा झाली. तो हातात पाना धरून उभा. एक शब्द बोलला नाही. दोष होता म्हूनच बोलला नाही, दुसरं काय!

२१ फेब्रुवारी

भावसिंग आला. खाणीच्या रस्त्यावर नवं गॅरेज टाकलं हाय त्यानं, नागपूरले शिकून आलेला. गाडीखाली निजला तो अर्धा तास बाहेरच येईना. मले वाटलं झोपला गडी!

मंग हात पुसत म्हणे, 'काका, हे गाडी माणसं वाहायची. तुम्ही तिले बैल करून ठेवलं!' म्हणे, जुन्या गिअरबॉक्सातला पहिला गिअर फार पळते, म्हून हळू चालायचं त क्लच अर्धा दाबून ठेवा लागते, अन् क्लच जळते. मोठ्या गाडीचा पाच गिअरचा डबा टाकू, त्याचा पहिला गिअर ताकदीचा राहते. क्लचप्लेट मोठी. रेडिएटर दोन पदरी हाय, तो चार पदरी. पंखा सात पात्यांचा, अन् पंख्याभोवती पत्र्याचं कडं, म्हणजे हवा बाजूनं न पळता रेडिएटरमधूनच ओढल्या जाईन. मिरवणुकीत समोरून वारा कुठला? सारं पंख्यालेच करा लागते.

मले हिशेब पटला. मनात म्हणलं, हे रहेमाननं का नाही सांगितलं कधी? शीलाताईले होकार देऊन आलो.

२५ फेब्रुवारी

दिवसभर कोणाशी एक शब्द बोललो नाही. संध्याकाळी जीपच्या बाजूच्या सीटले म्हणलं, 'काय वं?' माह्याच आवाजानं दचकलो.

३ मार्च

वणीले भंगारात गिअरबॉक्स पाहायले गेलतो. जिनिंगसमोर कापसाच्या बैलगाड्यांची रांग — अरे बाप्पा, पार फाटकापर्यंत! तीन तीन दिवसांपासून उभे हायेत. कोणी गाडीखालीच चूल मांडलेली. बैलही खाली पाहत उभे. एवढी माणसं, पण गलका म्हून नाही.

येताना रहेमानच्या दुकानावरून यावं लागलं. दुकानात एकही गाडी नव्हती. आधी तिथं पाय ठेवायले जागा नसे. एकटाच स्टुलावर बसून पाने पुसून राह्यलता. लोक म्हणतात, माह्या त्या ओरडण्यानं त्याचं गिऱ्हाईक तुटलं. तुटू दे! मले पाहून त्यानं हात वर केल्यासारखं केलं. मी मान फिरवली.

घरी आल्यावर भात लावला अन् खायचं विसरलो.

१२ मार्च

गिअरबॉक्स बसला! डबा जुन्यापेक्षा लांब, म्हून मागचा शाफ्ट कापून लेथवर आखूड करा लागला. रेडिएटर, पंखा, पत्र्याचं कडं — सारं झालं. पहिल्या गिअरमधी टाकून क्लच सोडला अन् पायच काढून घेतला. जीप आपली आपणच पुढं सरकून राह्यली, म्हातारी देवळात जाते तशी. मी खिडकीतून बाहेर पाहिलं — कोणाले दाखवू?

राजदीपचा पुण्याहून फोन. 'बाबा, कायले हे सारं? विकून टाका गाडी. इकडं या.' त्याले म्हणलं, पहिला गिअर असा झाला हाय की क्लच दाबाच लागत नाही. तो म्हणे, 'बाबा, जेवता ना वेळेवर?' दोघंही आपापलं बोललो अन् फोन ठेवला.

१९ मार्च

उकळली! पुन्हा उकळली!

ट्रॉलीवर जनरेटर चढवून खाणीच्या रस्त्याच्या चढावर नेली. दुसऱ्याच चक्करले सुई लाल खुणेवर. वाफ. तोच भसाभसा आवाज. नवा रेडिएटर, नवा पंखा, सारं नवं — अन् उकळली! मी रस्त्याच्या कडेले बसून राह्यलो. भावसिंग म्हणे, 'काका, तुम्ही काहून असे बसून राह्यले? गाडीच होय ना!' त्याले काय माहीत!

पण मंग रहेमानचा रेडिएटर...?

२० मार्च

लिहायचं नव्हतं. लिहितो.

भावसिंगनं आज इंजिनवरचं ते झाकण खोललं, रेडिएटरकडं पाणी जाते तिथलं. आतापावतर खोलायचं काम पडलं नव्हतं. आत पाहून म्हणे, 'काका, थर्मोस्टॅटचा वॉल कुठं हाय?'

म्हणलं, 'काढला. उन्हाळ्यात सारेच काढतात. वॉल नसला की पाणी मोकळं फिरते, गाडी थंड राहते.'

तो म्हणे, 'सारेच काढतात म्हून सांगू नका! ह्या इंजिनात वॉल काढला की बाजूची नळी उघडीच राहते. अर्धं गरम पाणी रेडिएटरमधी जातच नाही, तसंच परत इंजिनात घुसते. सपाटीवर चालून जाते. ओझं घेऊन चढावर — उकळणारच. चार काय, आठ पदरी रेडिएटर लावा!'

वॉल मी काढला. मी! ढाणकीले जायच्या दोन दिवस आधी, आंगणात. रहेमाननं रेडिएटर साफ करून देल्यावर. कौसल्यानं खाली घमेलं धरलतं पाणी सांडू नये म्हून. ती म्हणे, 'रहेमानभाऊले एकदा इचारून घ्या ना.' मी म्हणलं, 'त्याले काय इचारायचं? मले समजत नाही काय?'

मले समजत नाही काय!

२१ मार्च

खिळ्यांच्या डब्यात सापडला वॉल. फेकलाही नव्हता. पितळी, मुठीत मावते एवढा. चहाच्या पातेल्यात पाणी ठेवून त्यात टाकला अन् पाहत बसलो. पाणी तापलं तसा हळूहळू उघडला. गॅस बंद केला, पाणी निवलं, तसा आपोआप बंद झाला. तीनदा केलं. तिन्ही वेळा बरोबर उघडला अन् बरोबर मिटला.

एकदम चांगला होता. काहीच खराबी नव्हती त्याच्यात.

त्या पातेल्यात आता चहा करवत नाही.

२३ मार्च

वॉल बसवला. ट्रॉली जोडली. चढ चार वेळा चढलो, एकदा मुद्दाम मधात थांबून, पहिल्या गिअरमधी मुंगीच्या चालीनं. सुई मधातच. हलली नाही! भावसिंग टाळ्या वाजवून राह्यलता. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं अन् रडलो. गड्यानं दुसरीकडं तोंड केलं, भला माणूस.

नऊ-दहा महिने मी रहेमानवर दात खाऊन झोपलो. तेवढ्यानंच झोप येत होती. आता काय करू?

३१ मार्च

वणीले गेलतो. रहेमानच्या चौकातून परत आलो. भेकड!

२ एप्रिल

आज गेलो. जीप घेऊनच गेलो.

तो स्टुलावर बसलता. मी चौकातच उभा राह्यलो. जिथं ओरडलो तिथंच ओरडून सांगायचं, असं ठरवून गेलतो. ओरडलो — 'ऐका हो! रेडिएटर चांगला होता! वॉल मी काढलता! दोष माहा होता, रहेमानचा नाही!' चहाच्या टपरीवरचे सारे पाहून राह्यले.

मले वाटलं तो हसन, नाहीतर दोन शिव्या देईन. त दंडाले धरून आत ओढलं मले! 'कायले तमाशा करतो? कोणं सांगितलं तुले वॉलचं?' म्हणलं, भावसिंगनं. त त्याच्यावरच भडकला! 'त्याले अक्कल नाही! मुकाट्यानं वॉल टाकून देता येत नव्हता काय? सांगायची काय गरज होती?'

मी माफी मागायले गेलो, अन् हा भावसिंगवर चिडला! मले समजलंच नाही. म्हणलं, 'तू मले शिव्या दे ना.' तो म्हणे, 'चहा पी.' मंग बॉनेट उघडलं, पट्टा दाबून पाहिला, ढिला हाय म्हणे, अन् कसून देला. गिअरबॉक्सचं काम पाहून म्हणे, 'बरं केलं.' निघताना इचारलं, 'चौदा तारखेले बाजूले कोण बसते?'

कोणी नाही म्हणलं. तो म्हणे, 'मी येतो.'

१४ एप्रिल

मिरवणूक पार पडली. पाच तास, सुई मधात. रथावरचा एक दिवा मिणमिणला नाही. रहेमान बाजूले बसलता, कौसल्याची शाल मांडीवर घेऊन.

चौकात त्याची बायको, शमसुन्निसाभाभी, सरबत वाटून राह्यलती. मले गिलास देताना हळूच म्हणे, 'भाऊ, तुमची गाडी ओढून आणली ना, त्याच दिवशी ह्यांनी ते झाकण खोलून पाहिलतं. तुम्ही चौकात ओरडून गेले त्या रात्री मले म्हणाले — गाडीत वॉलच नव्हता. डोमाले कधी सांगू नको. त्याची बायको गेली, हे समजलं त तोही जाईन. मले शिव्या देऊन जगते त जगू दे.'