उंद्रीच्या शेडची वाटणी होणार नाही

मी, तानाबाई दयाराम अवसरमोल, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलं नाही की गोड बोलून फसवलं नाही. मी रागात आहे, हे खरं. पण राग आला म्हणजे शुद्ध गेली असं कायदा म्हणत नाही, हे वकिलांना विचारून घेतलं आहे. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. माझ्या नावावर असलेलं राहतं घर आणि नाल्याकाठचं शेत मुलगा धम्मरत्न याला. तो माझा एकुलता एक आहे. त्याला मी उघड्यावर टाकणार नाही.

कलम २. रस्त्यालगतची मी खरेदी केलेली जागा, तिच्यावरचं पत्र्याचं शेड, ओटा, धान्य साफ करायची चाळणी मशीन आणि वजनकाटा यांतलं काहीही धम्मरत्नला मिळणार नाही. का, ते लिहून ठेवते. उद्या "म्हातारीचे कान भरले" असं कोणी म्हणायला नको.

शेड नव्हतं तेव्हाची गोष्ट. मी आणि माझे पती दयाराम तूर घेऊन बाजाराच्या आवारात गेलो. कोणत्या, ते वकील लिहू देत नाहीत. तिथे शेतकऱ्याच्या मालासाठी बांधलेलं छप्पर होतं, आणि त्या छपराखाली अविनाश नावाच्या व्यापाऱ्याच्या सोयाबीनची थप्पी लागली होती. आमचे ढीग उघड्यावर. लिलाव लांबत गेला आणि अवकाळीचं आभाळ भरून आलं. दयाराम त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले.

"शेठ, थोडी पोती सरकवा. आमची तूर भिजून जाईन."

तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "तुही तूर झाकाले माहं सोयाबीन बाहीर काढू काय बे?"

केस पांढरे झालेल्या माणसाला "बे" म्हणाला.

पाऊस आला तेव्हा दयाराम ढिगावर पालथे पडले. अंगाखाली येईल तेवढी तरी तूर कोरडी राहील म्हणून. लोक छपराच्या कडेला उभे राहून बघत होते. मी त्यांना "उठा" म्हटलं नाही. त्यांच्या शेजारी मीही पडले.

पाऊस उघडल्यावर अविनाश आला. मूठभर तूर नाकाशी धरून म्हणाला, "हे ढोराईलेही चालत नाही. पण आणली हाये तर टाकून जा, घेतो." त्याने सांगितलेला भाव लिहिण्याच्या लायकीचा नाही. डाळ करायची तर तूर आधी भिजवावीच लागते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, "नाही देत. काऊन देऊ?" आमचे टेम्पोवाले फकीर मोहम्मद खाली उतरले आणि माझ्याबरोबर पोती उचलू लागले. "ताई," ते म्हणाले, "भाड्याची फिकीर करू नका. हा माल इथं पडू द्यायचा नाही."

विहाराच्या ओसरीवर आम्ही ती तूर वाळवली. शेजारच्या सत्यभामाबाई आणि अन्नपूर्णाबाई जातं घेऊन आल्या. डाळ भरडली आणि आठवडी बाजारात बसून विकली. डोक्यावर छप्पर असलं की माणूस "आज नाही, उद्या विकीन" म्हणू शकतो, हे मला त्या ओसरीवर समजलं. गरिबाच्या मालाला दुसरं काही लागत नाही. माल ठेवायला कोरडी जागा, स्वतःचा काटा आणि चार घरांचा माल एकत्र. तेवढ्यासाठीच आम्ही तिघींनी शेड उभं केलं. मग व्यापारी गाडी घेऊन आमच्या ओट्यावर येऊ लागले आणि भाव आमच्या तोंडावर बोलू लागले.

कलम ३. गावाबद्दल. आमच्या वस्तीतल्या ओट्यावर पोतं टेकवायची ज्यांना लाज वाटत होती, ते पहिल्या हंगामात लांबून हसले. दुसऱ्या हंगामात रांगेत उभे राहिले. अविनाशने मुद्दाम भाव चढवून दिला तेव्हा हेच लोक आम्हाला न सांगता तिकडे पळाले. शेड रिकामं झालेलं दिसताच त्याने भाव पाडला. मग पुन्हा दारात आले, "मावशी, उघडा." मी उघडलं. पण विसरले नाही, आणि माफही केलेलं नाही. हे माझ्या मागे चावडीवर वाचून दाखवावं.

कलम ४. दयाराम गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला अविनाश आला. बुद्धवंदना संपते न संपते तोच त्याने धम्मरत्नला बाजूला घेतलं. त्याच संध्याकाळी माझा मुलगा मला म्हणाला, "माय, शेड शेठले गोदामासाठी भाड्यानं देऊन टाक. घरबसल्या पैसा येईन."

मी विचारलं, "अन् लोकाईचा माल कुठं ठेवू?"

"लोकाईचं तू काऊन पाहतं?"

माझी सून वैष्णवी चुलीपुढून उठली. म्हणाली, "मामंजी ज्याच्यापायी चिखलात पडले, त्याचं सोयाबीन आता आपल्या घरात ठेवता काय?" धम्मरत्न तिच्यावर हात उगारून धावला. मी मधे उभी राहिले. त्या दिवशी पुढचं कलम माझ्या मनात लिहून झालं.

कलम ५. म्हणून कलम २ मधली सर्व मालमत्ता वैष्णवी, सत्यभामाबाई आणि अन्नपूर्णाबाई या तिघींना सामाईक. तिघींपैकी एकीने "नाही" म्हटलं तर ती विकता किंवा भाड्याने देता येणार नाही. शेतकऱ्याचं एक पोतं जरी बाहेर असलं तरी व्यापाऱ्याचा माल आत राहणार नाही. धम्मरत्नला तिथे हमाली करायची असेल तर करावी, इतरांइतकीच मजुरी मिळेल. त्याने वैष्णवीवर पुन्हा हात उगारला तर घरातली अर्धी जागाही तिची.

कलम ६. अविनाश माझ्या पुण्यानुमोदनाला आला तर त्याला चहा द्यावा. बसायला उन्हात द्यावं.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वैष्णवी करील. मी हंगामात मेले तर शेड बंद ठेवू नये. कोणी लांबून माल घेऊन आलं असेल तर आधी त्याचा माल मोजून घ्यावा, मग मला उचलावं. मला घाई नाही.

हे सर्व मी पुन्हा वाचलं, एक शब्दही खोडला नाही, आणि खालील दोघांसमक्ष सही केली. त्यांनीही माझ्यासमक्ष सह्या केल्या.

सही: तानाबाई दयाराम अवसरमोल

साक्षीदार:
१. फकीर मोहम्मद शेख, टेम्पोचालक, उंद्री
२. पुष्पांजली हिवाळे, शिक्षिका, उंद्री

ठिकाण: उंद्री
दिनांक: ११ मार्च २०२५